२८ लिटरचा ओटीजी: वर्षभराच्या वापरानंतर

आमच्या घरी २८ लिटर क्षमतेचा, १५०० वॉटचा ओटीजी (ओव्हन, टोस्टर आणि ग्रिल ही तिन्ही कामे करणारा विजेचा ओव्हन) येऊन आता वर्ष झाले. या काळात आठवड्यातून किमान दोनदा त्यात नानकटाई, पाव, केक, भरताची वांगी, रताळी किंवा रविवारचे चिकन असे काही ना काही भाजले गेले. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण या आकाराच्या बहुतेक ओटीजींची रचना सारखीच असते आणि पुढे मांडलेले गुणदोष त्या साऱ्यांना कमीअधिक प्रमाणात लागू पडतात. पदार्थ भाजण्याच्या कामात हा ओव्हन चोख आहे. मात्र तो सुरक्षितपणे कसा वापरावा, हे सोबतच्या माहितीपुस्तिकेत जितके स्पष्ट हवे होते तितके नाही, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे.

सर्वांत आधी विजेचा प्रश्न येतो. २३० व्होल्टवर १५०० वॉटचे उपकरण साधारण साडेसहा अँपिअर वीज ओढते, तर मोबाइलचा चार्जर ज्यात लावतो तो लहान सॉकेट ६ अँपिअरचा असतो. ओव्हनला जाड पिनांचा १६ अँपिअरचा प्लग दिलेला आहे तो याचसाठी. आमच्या ओट्याजवळचा एकमेव पॉवर पॉइंट फ्रिजने अडवलेला असल्यामुळे पहिल्या महिन्यात मी जाड पिनांचा प्लग लहान सॉकेटात बसवणारा कन्व्हर्टर लावून ओव्हन एक्स्टेंशन बोर्डवर चालवला. चौथ्या खेपेला केक आत असतानाच जळक्या प्लास्टिकचा वास आला. भिंतीवरचे बटण बंद करून पाहिले, तर बोर्डाच्या सॉकेटच्या कडा तपकिरी पडून मऊ झाल्या होत्या. जास्तीचा भार दिसायला थोडा असला, तरी ओव्हन तासभर चालतो आणि सैल बसलेल्या पिनेपाशी उष्णता साचत जाते. त्यानंतर वायरमनकडून अर्थिंगसह स्वतंत्र पॉवर पॉइंट काढून घेतला आणि पुन्हा कधी तसा वास आला नाही. हा खर्च ओव्हनच्या किमतीतच धरावा, असे मी आग्रहाने सांगेन.

तापमानाचे बटण १८० वर ठेवले म्हणजे आत १८० अंशच असतील असे मानू नये. जाळीवर ठेवायचा छोटा थर्मामीटर आणून मी पाहिले, तेव्हा काटा १६५ आणि २०५ यांच्या दरम्यान फिरत होता. यात दोष असा काही नाही. आतली धातूची दुहेरी पट्टी तापून वाकली की ओव्हन तापवणारा रॉड बंद होतो, थंड झाली की पुन्हा सुरू होतो, त्यामुळे हा चढउतार राहणारच. नानकटाई मधल्या जाळीवर ठेवली आणि ट्रे निम्म्या वेळानंतर फिरवला, की ती सर्व बाजूंनी सारखी भाजली जाते, तळाला बदामी रंग येतो आणि वर हलक्या भेगा पडतात. लहानपणी मे महिन्यात तूप, साखर आणि पीठ घेऊन बेकरीत नानकटाई भाजून आणायचो. तिचा खमंगपणा या ओव्हनमध्ये बराचसा साधतो.

टायमरविषयी अधिक सावध राहावे लागते. तो साठ मिनिटांचा, स्प्रिंगवर चालणारा आहे आणि शून्यावर आला की घंटा वाजून वीजपुरवठा तोडतो. पण त्याच बटणावर डावीकडे ‘स्टे ऑन’ अशी खूण आहे आणि तिथे ओव्हन हाताने बंद करेपर्यंत चालूच राहतो. वीज गेली आणि आपण बटण तसेच ठेवून बाहेर पडलो, तर वीज परत येताच रिकाम्या घरात रॉड तापू लागतात. पुस्तिकेत याबद्दल एक ओळही नाही. मी ती खूण वापरत नाही. वेळ कमी पडला तर टायमर पुन्हा भरते.

ओव्हन चालू असताना वरचा पत्रा आणि दाराची काच चटका बसण्याइतकी तापते, म्हणून भिंतीपासून चार बोटे जागा मोकळी सोडावी आणि वर काहीही ठेवू नये. सोबत मिळालेली ट्रेची पकड पाव-केकला पुरते, पण भरल्या ट्रेखाली ती डगमगते; दोन जाड आणि पूर्ण कोरडे हातमोजे अधिक भरवशाचे. ओले फडके कधीही वापरू नये, कारण त्यातल्या पाण्याची क्षणात वाफ होऊन हात भाजतो. उघड्या दारावर जड भांडे टेकवले तर ओव्हन पुढे झुकतो, हेही लक्षात ठेवावे. काचेचे तापलेले भांडे ओल्या कडप्प्यावर ठेवल्यास तडकू शकते. लाकडी पाटावर किंवा घडी घातलेल्या कोरड्या टॉवेलवर ठेवावे. बाजारात बटर पेपर या नावाने मेणाचा कागदही मिळतो. तो वितळतो आणि धुरावतो, म्हणून बेकिंगसाठीचाच कागद मागून घ्यावा आणि तो रॉडला टेकणार नाही एवढा कापावा.

भाजण्याच्या पदार्थांत भरताची वांगी उत्तम होतात, मात्र त्यांना दोन-तीन चिरा दिल्या नाहीत तर आतली वाफ कोंडून ती फुटतात. चिकनच्या चरबीचे थेंब खालच्या रॉडवर पडले की धूर होतो, त्यामुळे जाळीखाली ट्रे ठेवणे अत्यावश्यक आहे. तळाला फॉइल अंथरण्याचा मोह मात्र टाळावा, त्याने उष्णता अडते. चिकनच्या सर्वांत जाड भागात ७४ अंश मोजल्याशिवाय मी ते बाहेर काढत नाही. आत ज्वाळा दिसलीच तर दार न उघडता मुख्य बटण बंद करावे. हवा मिळाली नाही की ती विझते, पाणी मात्र कधीही टाकू नये.

चार माणसांच्या घराला हा आकार पुरेसा आहे आणि एकंदरीत मी ओव्हन पुन्हा घेईन. ज्यांच्या स्वयंपाकघरात १६ अँपिअरचा पॉइंट काढण्याची सोय नाही, त्यांनी मात्र तूर्त तो घेऊ नये.