गच्चीवरच्या खोलीतला गेमिंग पीसी: सांगलीतल्या नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या दिवाळीत मी पहिल्यांदाच सुटे भाग आणून स्वतःच्या हाताने गेमिंग पीसी जोडला. रायझन ५ ५६०० प्रोसेसर आणि त्याच्या खोक्यातच मिळणारा कूलर, आरटीएक्स ३०६० हे १२ जीबीचे ग्राफिक्स कार्ड, १६ जीबी रॅम, ५५० वॉटचा ब्राँझ दर्जाचा एसएमपीएस (भिंतीतली वीज आतल्या भागांना पुरवणारा डबा) आणि पुढच्या बाजूला जाळी असलेले कॅबिनेट, असा हा संच आहे. खेळांच्या बाबतीत माझी काहीच तक्रार नाही; १०८० पी रिझोल्यूशनला मला हवे ते सारे खेळ सुरळीत चालतात. लिहायचे आहे ते तापमानाबद्दल आणि विजेबद्दल, कारण या दोन गोष्टींची गल्लत केल्यामुळे माझे एप्रिलचे जवळजवळ दोन आठवडे वाया गेले.

आमचे घर मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला आहे आणि पीसी गच्चीवर नंतर बांधलेल्या खोलीत ठेवलेला आहे. वर थेट स्लॅब असल्यामुळे जानेवारीत रात्री २४ अंश असणारी ही खोली एप्रिलमध्ये दुपारी तीन वाजता ३८ अंशांवर जाते. पीसीचा पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो, त्यामुळे खोली जितकी तापेल जवळपास तितकेच आतले भागही वर सरकतात, हे मला आकडे लिहून ठेवायला लागल्यावरच नीट उमगले. एकच खेळ अर्धा तास चालवल्यावर जानेवारीत प्रोसेसर ६८ आणि ग्राफिक्स कार्ड ६६ अंशांवर होते, तर एप्रिलमध्ये तेच आकडे ८२ आणि ७९ झाले. इंटरनेटवर कुणी थंड प्रदेशातला किंवा एसी लावलेल्या खोलीतला आकडा देतो आणि आपण तो पाहून घाबरतो. म्हणून मी आता प्रत्येक नोंदीसमोर खोलीचे तापमान लिहितो आणि दोन्हींतला फरक पाहतो. या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९० अंश आहे आणि ग्राफिक्स कार्ड साधारण ८३ अंशांना स्वतःहून वेग आवरू लागते, म्हणजे एप्रिलमधले माझे आकडे वरच्या अंगाला असले तरी मर्यादेच्या आतच होते.

जोडणीतली एक चूक मात्र खरोखर तापमानाचीच होती. दिवाळीच्या दिवसांत खोली २७ अंशांवर असतानाही ग्राफिक्स कार्ड ७८ दाखवत होते आणि बाजूची काच काढली की लगेच ६८ वर येत होते. उदबत्ती लावून तिचा धूर पुढच्या जाळीसमोर धरला, तेव्हा वरच्या पंख्यासमोर तो आत जात होता आणि खालच्या पंख्यासमोर बाहेर फेकला जात होता. खालचा पंखा मी उलटा बसवला होता. चार स्क्रू काढून तो फिरवल्यावर काच लावूनही तापमान ७० वर स्थिरावले.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी दुपारी खेळता खेळता पडदा काळा झाला, पंखे थांबले आणि यूपीएसने, म्हणजे वीज गेल्यावर बॅटरीतून पीसी चालू ठेवणाऱ्या डब्याने, लांब शिट्टी दिली. पुढच्या रविवारीही तेच. विंडोजमध्ये घडामोडींच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ ही नोंद सापडली. पण ती फक्त एवढेच सांगते की संगणक रीतसर बंद न होता थांबला, तो का थांबला ते सांगत नाही. ऊन एवढे, म्हणजे दोष उष्णतेचाच, असे धरून मी कूलर काढून थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) नव्याने लावली, काच उघडी ठेवून समोर टेबल फॅन लावला, तरी पीसी बंद पडायचा तो पडलाच.

शेवटी एचडब्ल्यूइन्फो या तापमान आणि वेग दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दर सेकंदाची नोंद फाइलमध्ये साठवायला लावली. बंद पडण्याआधीच्या शेवटच्या ओळीत प्रोसेसर ८१ अंशांवर होता आणि वेग पूर्ण ४.४ गिगाहर्ट्झ. प्रोसेसर तापला तर तो आधी वेग कमी करतो, खेळ अडखळतो, आणि फारच हाताबाहेर गेले तरच संगणक बंद होतो. इथे वेग तसूभरही घटलेला नव्हता. एसएमपीएसच्या पिवळ्या आणि काळ्या तारेवर मल्टिमीटर लावून खेळ चालू असताना पाहिले, तर १२.०५ व्होल्ट मिळाले, ११.४ ते १२.६ ही मान्य मर्यादा असल्यामुळे तिकडेही दोष नव्हता.

मग भिंतीवरच्या बोर्डात मोजले. रात्री २२८ व्होल्ट येत होते आणि रविवारी दुपारी, आजूबाजूचे कूलर, एसी आणि मोटारी चालू असताना, १८८. व्होल्टेज आणखी उतरले की यूपीएस बॅटरीवर जात होता, आणि खरी गोम तिथे होती. माझा यूपीएस ६०० व्हीएचा, म्हणजे प्रत्यक्षात ३६० वॉटचा. ग्राफिक्स कार्ड १७० वॉट, प्रोसेसर ७६ वॉटपर्यंत, बाकी भागांचे सुमारे ५० वॉट धरले की २९६ होतात. एसएमपीएसची कार्यक्षमता ८५ टक्के मानली तर भिंतीतून सुमारे ३५० वॉट ओढले जातात आणि वर मॉनिटरचे २५. बेरीज ३७५ वॉट, म्हणजे यूपीएसच्या ३६० वॉटपेक्षा जास्त. हिवाळ्यात यूपीएसवर बॅटरीतून एवढा भार उचलण्याची वेळच आली नव्हती. पीसी थेट भिंतीला जोडून त्याच ३८ अंशांच्या खोलीत दोन तास खेळलो आणि तो एकदाही बंद पडला नाही.

आता ११०० व्हीएचा, ६६० वॉटचा, शुद्ध साइन वेव्ह, म्हणजे भिंतीतल्या विजेसारखी गुळगुळीत लहर, देणारा यूपीएस आहे. तो महाग पडतो, तरीही मी तोच सुचवीन, कारण अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (वीज ओढण्याची पद्धत सुधारणारे सर्किट) असलेल्या काही एसएमपीएसना साध्या यूपीएसची चौकोनी लहर मानवत नाही. शिवाय आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममध्ये ग्राफिक्स कार्डाचे व्होल्टेज उतरवून त्याचा वापर १३० वॉटच्या आसपास आणला आहे. खेळात चार-पाच फ्रेम कमी झाल्या असतील, पण कार्ड सहा अंशांनी थंड राहते.

याच शोधात त्याहून गंभीर गोष्ट हाती लागली. फिल्टर साफ करताना अनवाणी पायांनी फरशीवर उभा होतो आणि कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला बोट लागताच झिणझिण्या आल्या. टेस्टर लावला तर दिवा पेटला. एसएमपीएसमध्ये विजेतला गोंगाट गाळणारे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटच्या पत्र्यावर भिंतीतल्या व्होल्टेजच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज तरंगते. मीटरवर फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ, दोन्ही ११० च्या जवळ दिसले. ‘काका, बोर्ड तीन पिनचा आहे, मग शॉक कसा?’ असे विचारल्यावर आमच्या वायरमनकाकांनी बोर्ड उघडून दाखवला. वरच्या मोठ्या भोकामागे तारच नव्हती. त्यांनी हिरवी तार खालच्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत नेली, आणि खड्डा कोरडा ठणठणीत असल्याने त्यात बादलीभर पाणी ओतायला सांगितले. इकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि तिचा रोध वाढतो, हे त्यांनी तिथेच समजावले. आता न्यूट्रल ते अर्थ दोन व्होल्टच्या आत असते. नवा पीसी घेणाऱ्याने पहिले बटण दाबण्यापूर्वी एवढे एक मोजमाप करून घ्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

धुळीबद्दल थोडेसे. हळदीच्या हंगामात आमच्याकडे फिल्टरवर पिवळसर थर बसतो, तो दर पंधरा दिवसांनी धुवावा लागतो; एरवी महिन्याने पुरते.

जूनपासून पावसामुळे वीज दिवसातून अनेकदा जाते-येते, पण पीसी एकदाही अचानक बंद पडलेला नाही. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला खेळ चालू ठेवून मी यूपीएसची पिन काढतो आणि बॅटरी किती मिनिटे टिकते ते वहीत लिहितो; जुलैमध्ये नऊ मिनिटे मिळाली. स्लॅबला पांढरा रंग देण्याचे काम पावसाळ्यानंतर होईल. तोवर ग्राफिक्स कार्ड १३० वॉटवरच राहील.