डॉक्टरांसाठीचा ऑनलाइन संवाद कोर्स: पेशंटसोबतची माणसं यात कुठेच नाहीत

कोपरखैरण्यात माझी जनरल प्रॅक्टिस आहे. पेशंटशी कसं बोलावं याचा ऑनलाइन कोर्स गेल्या पावसाळ्यात स्वतःच्या खिशातून घेतला. मागच्या आठवड्यात ॲक्सेस संपला आणि तेच व्हिडिओ पुन्हा बघायचे तर फीच्या निम्मे पैसे भरा म्हणाले. म्हणून हे लिहितोय.

2019 पासून एमबीबीएसच्या मुलांना हा विषय एटकॉम (वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद) या अभ्यासक्रमात शिकवतात. आमच्या वेळी सरांच्या मागे राउंडला फिरताना जे कानावर पडेल तेच शिक्षण. त्यामुळे गरज होतीच.

पेशंटशी संवादाची कॅल्गरी-केंब्रिज पद्धत, वाईट बातमी सांगायच्या स्पाइक्स पद्धतीच्या सहा पायऱ्या, सगळं व्यवस्थित समजावलंय. पण व्हिडिओतला प्रत्येक पेशंट एकटा येतो! माझ्याकडे एपीएमसीतले माथाडी येतात, त्यांच्याबरोबर बायको असते, सून असते, आणि साताऱ्याकडचा भाऊ फोनच्या स्पीकरवर. विचारायचं वडिलांना, उत्तर देतो मुलगा. मग वडिलांना बाहेर बसवून तोच मुलगा परत आत येतो, "डॉक्टर, बाबांसमोर कॅन्सरचं नाव काढू नका." पेशंटला किती जाणून घ्यायचंय हे आधी त्यालाच विचारा, असं स्पाइक्स सांगतं. बरोबर आहे. पण मुलाला न दुखावता वडिलांपर्यंत पोचायचं कसं? आपल्याकडे खरी कसोटी इथेच लागते आणि त्यावर एक धडा नाही. मी मेल केले, फोन केले. "सूचना नोंदवली आहे" यापलीकडे उत्तर नाही. याचा मला अजून राग आहे.

तेव्हाच लिहिलं असतं तर दोन स्टार दिले असते. मत बदललं ते टीच-बॅकमुळे. "समजलं का?" असं विचारायचं नाही, सांगितलेलं पेशंटकडूनच वदवून घ्यायचं. आषाढी जवळ आली होती. ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी चालू असलेले एक मामा आले होते. त्यांना विचारलं, "मामा, एकादशीला गोळीचं काय करणार?"

"घेणार की. उपासाला गोळी चालते, पाण्याबरोबर घेतो."

पोटात काही नसताना ही गोळी घेतली तर साखर धोक्याच्या खाली जाते. "समजलं का"ला मामा हो म्हणून निघून गेले असते. त्या दिवशी सून सोबत होती, तिच्याकडूनही सगळं परत म्हणवून घेतलं. गोळ्या तीच काढून देते. कोर्सने न शिकवलेली ही एक गोष्ट मी त्यात घातली आणि आता प्रत्येक शुगरच्या पेशंटला करतो.

दुसरा उपयोग झाला तो थेट सरावाचा. व्हिडिओ कॉलवर कलाकार पेशंट होतो आणि शिकवणारे मध्येच थांबवून तेच वाक्य पुन्हा बोलायला लावतात. डॉक्टर सरासरी 18 सेकंदांत पेशंटचं बोलणं तोडतात, असं अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल यांनी 1984 मध्ये दाखवलं होतं. ते वाचून कुणाची सवय मोडत नाही, थांबवणारं कुणी समोर असलं की मोडते. गर्दीच्या ओपीडीत हे जमणार नाही असं मला वाटायचं. पण बहुतेक पेशंट बोलू दिलं की लवकरच स्वतःहून थांबतात. शिवाय दाराशी पोचल्यावर "आणि डॉक्टर, छातीत पण जरा..." हे कमी झालंय, कारण ते आता आधीच बोलून होतं.

नुसत्या व्हिडिओंचा स्वस्त प्लॅन घेऊ नका, पैसे वाया जातील. थेट सराव असलेलाच घ्या. आम्हा डॉक्टरांना एमएमसीला (महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल) 5 वर्षांत शिकत राहिल्याचे 30 क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात, त्यासाठी घेणार असाल तर पैसे भरण्याआधी लेखी विचारून घ्या. मला फोनवर मिळतील म्हणून सांगितलं होतं, मिळाले नाहीत. साडेतीन स्टार. नातेवाइकांसोबतच्या संभाषणाचा भाग आला तर नूतनीकरणाचे पैसे त्याच दिवशी भरीन, तोवर नाही.