मोगोची दोन ताटे: वेंबली आणि नैरोबी

एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी मोगो आयुष्यभर खाल्लेला असतो. त्याचे नाव मात्र ठाऊक नसते. साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून बनतो त्याला स्वाहिलीत मुहोगो म्हणतात, आणि पूर्व आफ्रिकेत तीन-चार पिढ्या काढलेल्या गुजराती व पंजाबी घरांत त्याचा मोगो झाला. कंद उकडायचा, बोटभर जाडीच्या फोडी करून तळायच्या, वर मीठ, लाल तिखट आणि लिंबू. एवढाच हा पदार्थ. त्यात लपवायला जागा नसल्यामुळे तो तळणारा हात कोणाचा आहे आणि तो कोणासाठी तळतो आहे, हे पहिल्या घासालाच कळते.

ज्या दोन उपाहारगृहांबद्दल मी लिहितो आहे त्यांपैकी एक लंडनच्या वेंबलीत ईलिंग रोडवर आहे आणि दुसरे नैरोबीच्या पार्कलँड्स भागात. पहिल्या ठिकाणी हॅरोला राहायला आल्यापासून गेली आठ वर्षे माझे जाणे-येणे आहे. दुसऱ्या ठिकाणी कामानिमित्त तीन आठवडे नैरोबीत असताना सहा वेळा जेवलो. दोन्हींचे मालक सख्खे चुलत भाऊ आहेत आणि नैरोबीचा पत्ता मला वेंबलीच्या काकांनीच पावतीच्या मागे लिहून दिला. नावे देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि त्यांपायी दोन घरांत कटुता यावी अशी माझी इच्छा नाही.

वेंबलीच्या जागेत सात टेबले आहेत. तेथला मोगो गोठवलेल्या पाकिटातला असतो, त्यामुळे मधली दोरीसारखी शीर आधीच काढलेली मिळते. पण कंदात पाणी राहते, आणि तळल्यावर बाहेरून करकरीत झालेली फोड आतून ओलसर व किंचित चिकट लागते. लसूण-मिरचीच्या रश्श्यात परतलेला चिली मोगो तेथे अधिक चांगला लागतो, आणि त्याचे कारण रस्सा हे दोष झाकतो, इतके साधे आहे. मारू भजिया मात्र अप्रतिम. नैरोबीतल्या एका मारू कुटुंबाच्या दुकानावरून हे नाव पडले. आपण बटाट्याच्या कापांना बेसनाचे सरसरीत पीठ लावतो. येथे पीठ भिजवतच नाहीत. पातळ कापांवर कोरडे बेसन, हळद, हिरवी मिरची आणि कोथिंबीर भुरभुरतात, बटाट्याच्या अंगच्या पाण्यावर ते जेमतेम चिकटते, आणि कढईतून निघालेल्या भज्यावर ठिकठिकाणी बटाटा उघडा दिसतो. गाजराचा कीस घातलेल्या आंबट चटणीबरोबर एक बशी एकट्याने सहज संपते.

सेवेबद्दल तितके बरे लिहिता येणार नाही. मागच्या खेपेला शनिवारी संध्याकाळी आम्हाला पाऊण तास थांबावे लागले, दुसऱ्याच टेबलाची दाबेली आमच्यापुढे आली, आणि पावतीत साडेबारा टक्के सेवाशुल्क न विचारता लावलेले होते. वाढणारी मुले अहमदाबाद-सुरतेहून शिकायला आलेली आहेत आणि दर सहा महिन्यांनी बदलतात. पूर्वी काकू स्वयंपाकघरात असत आणि मुलगी गल्ल्यावर बसून शाळेचा अभ्यास करी. आता ती औषधनिर्मातीण आहे, मुलगा हिशेबतपासनीस आहे, आणि दोघांपैकी कोणीही कढईपाशी उभे राहणार नाही. काका हे सांगतात तेव्हा त्यांच्या बोलण्यात तक्रार नसते. दुकान त्यासाठीच चालवले, असे त्यांचे म्हणणे आहे. दोन वर्षांत ते ही जागा विकणार आहेत.

नैरोबीच्या ठिकाणी पोहोचायलाच वेळ लागतो. फाटकावर रखवालदार गाडीखाली आरसा फिरवतो, आत शिरताना अंगझडती होते. सप्टेंबर २०१३ मध्ये जवळच्याच वेस्टगेट या खरेदी संकुलावर दहशतवादी हल्ला झाला, त्या आठवणीने हे सगळे कोणी कुरकुर न करता करून घेते. आत दीडशे माणसांची जागा आहे, मुलांसाठी झोपाळे आहेत, आणि बसण्याआधीच तीन वाढपी तीन पदार्थपत्रिका हातात देतात. मोगो ताजा असतो. कंद सकाळी बाजारातून येतो, शीर तळण्याच्या आधी सुरीने काढतात, आणि फोड मोडली की आतून भुसभुशीत, पिठूळ, गरम वाफ निघते. वर लिंबाच्या रसात कालवलेले तिखट ब्रशने लावतात. आले घातलेला टँगाविझी सोडा त्याच्याबरोबर घ्यावा. वेंबलीत तो बाटलीबंद मिळतो, पण तेथल्या थंडीत त्याचे काही खरे नाही. पदार्थापुरते बोलायचे तर नैरोबीचा मोगो पुष्कळच सरस आहे, आणि वेंबलीच्या काकांनाही ते मान्य आहे.

आता हे दोन भाऊ दोन खंडांत का, हे सांगितल्याशिवाय हा अभिप्राय पुरा होत नाही. मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंतचा लोहमार्ग १८९६ ते १९०१ या काळात बांधला गेला आणि त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार करारबद्ध मजूर नेले. त्यांतले सुमारे अडीच हजार मेले, बहुतेक परतले आणि काही हजार तेथेच राहिले. या भावांचे आजोबा मात्र मजूर नव्हते; रुळांच्या मागोमाग राजकोटकडून जे दुकानदार गेले त्यांतले ते एक. डोंगराळ भागातली सुपीक जमीन गोऱ्यांसाठी राखीव असल्यामुळे शेती करण्याचा मार्ग बंद होता आणि दुकान, कारकुनी, कारागिरी एवढेच उरत होते. आपल्या ‘दुकान’चे स्वाहिलीत ‘दुका’ झाले, तसेच ‘लाख’चे ‘लाकी’. दुकानदार म्हणजे भारतीय ही ओळख तेथे इतकी पक्की होण्यामागे रक्तातल्या व्यापारापेक्षा जमिनीच्या कायद्याचा हात मोठा होता, आणि ‘गुजराती तो व्यापारीच’ असे सहज म्हणणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींनी हे एकदा ध्यानात घ्यायला हरकत नाही.

१२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला तेव्हा तेथे पावणेदोन लाखांच्या आसपास आशियाई, म्हणजे भारतीय उपखंडाच्या मुळाचे लोक, होते. नागरिकत्व मागण्यासाठी त्यांना दोन वर्षांची मुदत मिळाली. अनेक घरांनी त्या वेळी केले तेच या घरानेही केले: या दोघांच्या वडिलांपैकी एकाने केनियाचे पारपत्र घेतले, दुसऱ्याने ब्रिटिश ठेवले, म्हणजे काहीही झाले तरी एक दार उघडे राहील. १९६७ मध्ये नागरिक नसलेल्यांना कामाचे परवाने आणि ठरावीक भागांबाहेर व्यापाराची बंदी असे कायदे आले, तेव्हा विमाने भरभरून लंडनला जाऊ लागली. त्यावर ब्रिटनने फेब्रुवारी १९६८च्या अखेरीस तीन दिवसांत कायदा करून १ मार्चपासून आपल्याच पारपत्रधारकांना दार लावले आणि वर्षाला १५०० कुटुंबप्रमुखांना परवाने देण्याचे ठरवले. वेंबलीच्या काकांचे वडील त्याआधी जेमतेम दहा दिवस पोहोचले. काका तेव्हा चौदा वर्षांचे होते. त्यांना हीथ्रोवर मिळालेला वापरलेला कोट आठवतो, ज्याच्या खिशात कोणाची तरी बसची तिकिटे होती.

ब्रिटनमध्ये त्यांची पहिली दहा वर्षे घसरणीची गेली. नैरोबीत हिशेबनीस असलेले वडील पावाच्या कारखान्यात रात्रपाळी करू लागले, आणि कधी नोकरी न केलेली आई शिवणयंत्रावर बसली. ऑगस्ट १९७६ मध्ये ग्रनविक या छायाचित्रे धुणाऱ्या कारखान्यात संप सुरू झाला तो याच पिढीचा. संपाच्या नेत्या जयाबेन देसाई आणि त्यांच्याबरोबर बाहेर पडलेल्या बऱ्याच स्त्रिया पूर्व आफ्रिकेतून आलेल्या, शिकलेल्या घरांतल्या होत्या, आणि त्यांना पगाराइतकाच त्या वागणुकीचा राग होता. संप १९७८ मध्ये हरला. हा कारखाना डॉलिस हिल स्थानकाच्या परिसरात होता. १९३२ साली स्थापन झालेल्या आपल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू त्याच भागात आहे, आणि गणपतीला तेथे जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हा शेजार माहीत असतो.

पुढच्या पिढीत चित्र पालटले, आणि त्याची कारणे गूढ नाहीत. ही माणसे इंग्रजी शाळांत शिकून, शहरात राहून, आजी-आजोबांसह अख्खे कुटुंब घेऊन आली होती; परत जायला गाव उरलेले नसल्यामुळे मिळालेला पैसा गावाकडे न जाता घराच्या हप्त्यात आणि मुलांच्या शिक्षणात गेला. २०१९ च्या अधिकृत आकड्यांत इंग्लंड-वेल्समधल्या भारतीय वंशाच्या नोकरदारांचे तासाचे मध्यक वेतन १४.४३ पौंड होते आणि गोऱ्या ब्रिटिशांचे १२.४९. त्यात थेट भारतातून गेलेले अभियंते आणि डॉक्टरही आले, म्हणून सगळे श्रेय नैरोबीकरांना देणे चुकीचे ठरेल. पण ऋषी सुनक यांचे वडील केनियात जन्मलेले, आणि सुएला ब्रेव्हरमन यांचे गोव्याच्या मुळाचे वडील १९६८ मध्ये केनियातून आलेले. दार लागता लागता आत आलेल्यांची मुले २०२२ मध्ये पंतप्रधान आणि गृहमंत्री झाली, आणि त्यांच्याच सरकारने आश्रय मागणाऱ्यांना र्‍वांडाला, म्हणजे पुन्हा पूर्व आफ्रिकेतच, पाठवण्याची योजना नेटाने रेटली. काकांना मी याबद्दल विचारले तेव्हा त्यांनी चहा संपवला आणि शेजारच्या टेबलाची पावती करायला घेतली.

नैरोबीत राहिलेल्या भावाची गोष्ट पैशाच्या मापाने अधिक यशाची आहे. उपाहारगृहाखेरीज त्यांचा प्लॅस्टिकच्या बादल्यांचा कारखाना आहे आणि दोन इमारती भाड्याने दिलेल्या आहेत. निघून गेलेल्यांची दुकाने त्या काळात स्वस्तात मिळाली, स्पर्धा कमी झाली, आणि ज्यांच्याकडे नागरिकत्व व भांडवल दोन्ही होते त्यांना कारखानदारीत जागा मिळाली. खाद्यतेल बनवणारी बिडको कंपनी किंवा चंदारिया कुटुंबाचे उद्योग ही याची सर्वांना माहीत असलेली मोठी उदाहरणे. मात्र राहिलेले श्रीमंत दिसतात याचे एक कारण असेही आहे की, गरीब आणि मध्यमवर्गीय बहुतेक निघून गेले. कारकून, शिक्षक, रेल्वेतले नोकर यांना थांबण्यासारखे काही नव्हते. २००९ च्या जनगणनेत केनियाचे नागरिक असलेले आशियाई सुमारे ४६ हजार उरले होते. या दोन समाजांची तुलना करणारे हे गळणे विसरतात आणि नैरोबीची कोठी व वेंबलीचे जोडघर शेजारी ठेवून निकाल देतात.

त्या कोठीत मी एकदा जेवलो. विजेची तार लावलेली भिंत, स्वतःचे जनित्र, स्वतःची विंधनविहीर, रात्री दोन रखवालदार. वेंबलीचे भाऊ हृदयाची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयात एक पैसाही न देता करून आले, गुडघ्यासाठी मात्र वर्षभर ताटकळले. नैरोबीच्या भावांनी गुडघा आठवड्यात बदलून घेतला आणि पैसे मोजले. त्यांची नात आता इंग्लंडमध्ये शिकते आणि परदेशी विद्यार्थिनीची कितीतरी जास्त फी भरते, तर तिची वेंबलीची चुलत बहीण त्याच वर्गात घरची म्हणून बसते. १९६५ मध्ये टाकलेला पारपत्राचा डाव असा अजून वसूल होतो आहे. १ ऑगस्ट १९८२ च्या फसलेल्या बंडात, तो रविवार होता, त्यांच्या वडिलांचे दुकान लुटले गेले. ते काचा आणि पाटीसुद्धा गेल्याचे सांगतात, आणि लगेच जोडतात की, दुसऱ्या आठवड्यात माल उधारीवर देणारा पहिला माणूस किकुयू या आफ्रिकी जमातीचा होता.

जुलै २०१७ मध्ये सरकारने आशियाईंना देशाची ४४वी जमात म्हणून मान्यता दिली. कामगार नेते मखन सिंग यांनी ब्रिटिश राजवटीत ११ वर्षे स्थानबद्धता सोसली आणि स्वातंत्र्यलढ्यातले गोव्याच्या मुळाचे पिओ गामा पिंटो फेब्रुवारी १९६५ मध्ये नैरोबीत गोळ्यांना बळी पडले, हे लक्षात घेतले तर ही मान्यता उशिराच आली. पण माझी तेथली सर्वांत मोठी तक्रार याच मुद्द्याला लागून आहे. मालक गल्ल्यावर, देखरेखीला गुजरातहून नुकताच आलेला तरुण (अशा नवागतांना जुने लोक ‘रॉकेट’ म्हणतात), आणि वाढणारे, तळणारे, भांडी घासणारे सगळे आफ्रिकी. ही उतरंड शंभर वर्षांपूर्वी जशी होती तशीच आहे. चाळिशीतल्या वाढप्याला चुटकी वाजवून बोलावलेले मी एका संध्याकाळी तीनदा पाहिले. वेंबलीत काकांना कोणी चुटकी वाजवून बोलावत नाही, आणि त्यांनाही कोणाला तसे बोलावता येत नाही. चारचौघांसारखे असण्याची ही मोकळीक त्यांनी घरच्या मोठेपणाच्या बदल्यात मिळवली आहे.

शेवटच्या दिवशी मी स्वयंपाकघरात डोकावण्याची परवानगी मागितली. कढईपाशी बावीस वर्षे काम केलेला, पश्चिम केनियातल्या काकामेगाकडचा आचारी होता. मारू भजिया त्याला मालकांच्या आईने शिकवल्या. पण बेसन तो त्यांच्यापेक्षा कमी आणि कोथिंबीर जास्त घालतो, मालकांना ते पसंत नाही आणि गिऱ्हाइकांना पसंत आहे. त्याची बायको गावच्या बसथांब्यावर त्याच भजिया विकते आणि तेथे त्यांना भारतीय पदार्थ कोणी समजत नाही. बिल मी एम-पेसा या मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या सेवेने दुकानाच्या क्रमांकावर भरले. बक्षिसी त्या मार्गाने त्याच्यापर्यंत पोहोचत नाही असे वाढप्याने हळूच सांगितले, तेव्हा आचाऱ्याने पिठाचा हात ॲप्रनला पुसून आपला क्रमांक मला मोबाइलवर स्वतः टाकून दिला.