लेझरची काठी : सहा महिने वापरून

पाय चिकटतात म्हणजे काय, हे ज्याचे चिकटलेत त्यालाच कळतं. कंपवात होऊन मला सात वर्षं झाली. हाताची थरथर लोकांना दिसते, पण खरा छळ पायांचा. स्वयंपाकघराच्या दारात आलो की पावलं डिंकाने चिकटवल्यासारखी जागीच. अंग पुढे झुकतं, पाय मागे. आणि जिना मात्र धडाधड चढतो! बायकोला आधी वाटायचं, मी सोंग करतोय.

डॉक्टर म्हणाले, चालणं आपण सवयीने करतो आणि या आजारात मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन कमी पडून तीच सवय मोडते. समोर ओलांडायला काहीतरी दिसलं की मेंदू दुसऱ्या वाटेने काम करून घेतो. जिन्याला पायऱ्या असतात, सपाट फरशीला काय असतं? तीस वर्षं शाळेत पीटी घेतली, पोरांकडून कदमताल करून घेतला. आता स्वतःलाच ‘एक, दो, एक’ म्हणत हलवावं लागतं.

मुलाने ऑनलाइन ही काठी मागवली, चार हजारांच्या आत-बाहेर. टोक टेकवून जरा भार दिला की पावलापुढे हिरवी आडवी रेघ उमटते. ती ओलांडायची, एवढंच. पहिल्या दिवशी दारात रेघ पाडली आणि पाय सरळ उचलला गेला. बायको पोळी लाटायची थांबली.

भाचीच्या लग्नात मंगल कार्यालयाच्या दाराशी अडकलो होतो, मागे माणसांची रीघ. रेघ पाडली, निघालो. मागून चार पोरं तीच रेघ उड्या मारत ओलांडायला लागली. त्यांना दम दिला, वाकून उजेडात डोळे घालू नका म्हणून. त्यांनी ऐकलं नाही, कारण माझा आवाजही आता खाली गेलाय.

आवाजावरून आठवलं. तक्रारीसाठी कंपनीला फोन केला तर पलीकडची मुलगी ‘हॅलो, हॅलो’ करत तीनदा फोन ठेवून मोकळी. या आजारात आवाज बारीक होतो, हे काठी विकणाऱ्यांना ठाऊक नको?

तक्रार अशी की उन्हात रेघ दिसतच नाही. मंडईत काठी नुसती काठी. बहिणीकडच्या जुन्या चिप्सच्या फरशीवरही रेघ हरवते. गोळीचा असर उतरलेला असला तर दिसूनही पाय ऐकत नाहीत. जेवणातल्या डाळी-उसळीने माझी गोळी नीट लागू पडत नाही, म्हणून ती अर्धा तास आधी घेतो. ते वेळापत्रक चुकलं की काठीला दोष देऊन उपयोग नाही.

घरात म्हणाल तर बायकोने दारात पिवळ्या चिकटपट्टीच्या आडव्या पट्ट्या मारल्यात, वीतभर अंतराने. वीस रुपयांचा रोल. काम तेच होतं. आधी पट्ट्या मारून बघा. त्यांनी पाय उचलला तरच बाहेरगावासाठी काठी घ्या. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन.

अर्धा गुण गेला तो सेलच्या झाकणापायी. तांदळाच्या दाण्याएवढा स्क्रू, आत बटणाएवढे सेल, आणि घेणारा गिऱ्हाईक कापऱ्या हातांचा! मी कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडे जातो. तो दोन मिनिटांत बदलून देतो, वर चहा मागवतो. मी अर्धाच कप सांगतो, सांडायला नको.