उगारित की बाबिलोन: आधी कुणाच्या कथा वाचाव्यात?

बायबलच्या जुन्या करारामागचा इस्राएली धर्म समजून घ्यायला शेजाऱ्यांपैकी आधी कुणाला वाचू, असं एका मैत्रिणीनं विचारलं.

जवळीक बघायची तर उगारित. सीरियाच्या किनाऱ्यावर रास शाम्रा इथे, म्हणजे या प्राचीन नगराच्या जागी, १९२९ पासूनच्या उत्खननात कथा कोरलेल्या मातीच्या पाट्या मिळाल्या. भाषा हिब्रूच्या नात्यातली. इथे बआल हा वादळाचा देव वेटोळ्या, सात डोक्यांच्या सर्पाला मारतो. जुन्या करारातल्या यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथात, २७व्या अध्यायात, लिव्याथान या सर्पाचं वर्णन जवळपास त्याच शब्दांत येतं, फक्त मारणारा यहोवा, म्हणजे इस्राएलचा देव, असतो. जुन्या करारात बआलला इतका कडवा विरोध का, हे इथे कळतं: तो परका नव्हता, घराला घर लागून होता.

आजच्या इराकमधल्या प्राचीन बाबिलोनचं बळ प्रलयकथेत. गिल्गमेश या महाकाव्याच्या ११व्या पाटीवर प्रलयातून वाचलेला उत्नपिश्तीम पाणी ओसरलं का ते बघायला कबुतर, पाकोळी आणि शेवटी डोमकावळा सोडतो. बायबलच्या प्रलयकथेतला नोहा आधी डोमकावळा, मग कबुतर. पूर ओसरल्यावर दोघेही होम करतात. बाबिलोनचे देव वास येताच माश्यांसारखे गोळा होतात. यहोवाही सुवास घेतो, पण तिथे तो एकटाच असतो आणि भुकेला नसतो. मला या दोन धर्मांतला सगळ्यात खोल फरक इथेच दिसतो.

वाचायला बाबिलोन सोपं. ११वी पाटी एका बैठकीत होते. बआलच्या पाट्या फुटक्या, ओळी मध्येच तुटतात.

जुन्या करारातली स्तोत्रं आणि संदेष्टे समजून घ्यायचे असतील तर उगारित घ्या. उत्पत्ती या त्याच्या पहिल्या पुस्तकाचे सुरुवातीचे ११ अध्याय खुणावत असतील तर बाबिलोन.