बांधकामाचा विमा कुणी काढावा: मालकाने की कंत्राटदाराने?

करारात ‘विमा कंत्राटदाराने काढावा’ एवढी एक ओळ टाकून बरेच मालक मोकळे होतात. ‘कंत्राटदार ऑल रिस्क’ म्हणजे चालू बांधकामाच्या नुकसानीचा विमा; ही पॉलिसी कुणीही काढली तरी संरक्षण साधारण तेच असते. घोळ होतो तो नाव, रक्कम, मुदत आणि वजावट (प्रत्येक दाव्यात विमाधारकाने स्वतः सोसायची रक्कम) या चार रकान्यांत.

कंत्राटदाराने काढली तर प्रीमियम त्याच्या दरात येतो, कामाची पद्धत त्याला माहीत असते आणि दाव्याची धावपळही तोच करतो. पण पॉलिसी फक्त त्याच्या नावावर असेल तर भरपाई त्यालाच मिळते. तो काम अर्धवट टाकून गेला की मालकाच्या हातात काही राहत नाही. म्हणून पॉलिसी दोघांच्या संयुक्त नावाने हवी. नुसते प्रमाणपत्र घेऊ नका, पूर्ण पॉलिसी आणि प्रीमियमची पावती मागा. सगळ्या साइटसाठी मिळून एकच वार्षिक पॉलिसी असेल तर तुमच्या साइटची मर्यादा किती, ते लेखी घ्या.

रकमेची चूक सर्रास दिसते. कंत्राटदार आपल्या कराराची किंमत लिहितो, मालकाने पुरवलेले स्टील किंवा लिफ्ट त्यात धरत नाही. खरी किंमत १२० आणि विमा १०० चा असेल, तर ६ च्या नुकसानीवर सरासरीच्या अटीने (विमा जितका कमी, भरपाईही त्याच प्रमाणात कमी) ५ च मिळतात, त्यातूनही वजावट जाते.

मालकाने काढली तर स्थापत्य, प्लंबिंग, विद्युत असे सगळे कंत्राटदार आणि पोटकंत्राटदार एका छत्राखाली येतात, ‘हे नुकसान कुणाच्या पॉलिसीत’ हा वाद बराच टळतो. त्रास वेगळाच: खोदकामाच्या किंवा आगीच्या खबरदारीच्या अटी कंत्राटदाराने वाचलेल्याच नसतात, आणि त्या मोडल्या की दावा अडतो. त्या अटी कराराला जोडा. वजावट ज्याच्या चुकीने नुकसान झाले त्याने भरायची, हेही तिथेच लिहा. त्याची यंत्रे आणि कामगारांचा विमा तरीही त्याच्याकडेच राहतो.

पॉलिसी कुणाचीही असो, दोन गोष्टी तपासाच. सदोष कामामुळे झालेल्या नुकसानीचे कलम ‘एलईजी २’ (लंडन इंजिनिअरिंग ग्रुपच्या ठरावीक कलमांपैकी एक) असेल तर तो दोष नुकसान होण्याच्या लगेच आधी दुरुस्त करायला जो खर्च आला असता तो भरपाईतून वगळला जातो. ‘एलईजी ३’ मध्ये फक्त मूळ कामात केलेल्या सुधारणेचा खर्च वगळतात, त्यामुळे ते महाग. दुसरे, ताबा घेतलेल्या किंवा वापरात आलेल्या भागाचे संरक्षण सहसा तिथेच संपते.

मोकळ्या जागेवर एकच कंत्राटदार आणि साहित्यही त्याचेच, तर त्यालाच काढू द्या, संयुक्त नावाने. कंत्राटदार अनेक असतील किंवा उभ्या इमारतीला जोडून काम असेल तर मालकाने काढावी. पण जुनी इमारत आपोआप यात येत नाही, ती वेगळी नोंदवावी लागते आणि तिच्या नेहमीच्या विमा कंपनीलाही काम सुरू होण्याआधी कळवावे लागते. काम लांबणार हे दिसताच मुदतवाढ घ्या. पॉलिसी संपल्यावर अर्ज केला तर विमा कंपनी आधी साइट पाहते, आणि नकारही देऊ शकते.