पाना धुवायचा कशात? बाथ, सुका बर्फ की आम्ल

समुद्रावरून घरी आलं की पायाची वाळू झटकली जाते, पण खडकावरचं कालव फोडूनच काढावं लागतं. अवजारांवरच्या किरणोत्सारी मळाचंही तसंच आहे, एक सुटा आणि एक चिकटलेला. १९६९ साली सुरू झालेलं तारापूर असो की दुसरं अणुवीज केंद्र, डिकॉनची, म्हणजे हा मळ काढण्याची, पद्धत ठरवण्याआधी स्वाइप घ्यावा, म्हणजे कागदानं पुसून पाहावं. १०० चौरस सेंटिमीटरवर फिरवलेल्या कागदावर काउंट (किरणांची नोंद) आले तर मळ सुटा. कागद स्वच्छ, पण किरणोत्सार मोजणारा मीटर पान्यापाशी कडकडतोय, तर चिकटलेला.

सुट्याला ओलं फडकं पुरतं. एकाच दिशेनं पुसायचं, दर वेळी घडी बदलून. गोल फिरवलंत तर मळ सगळीकडे पसरतो.

आट्या, जबडे, खाचा असतील तर अल्ट्रासॉनिक बाथ. कोमट साबणपाण्यात २० ते ४० किलोहर्ट्झच्या लहरी सोडल्या की बारीक बुडबुडे फुटतात आणि फडकं पोचत नाही तिथला मळ निघतो. रबरी मुठीवर मात्र फारसं चालत नाही. पाणी वेळेवर बदललं नाही तर पहिल्या पान्याचा मळ पाचव्यावर बसतो. ते पाणी गटारात सोडता येत नाही, हेही हिशेबात धरा.

सुका बर्फ म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या, उणे ७८.५ अंशांच्या गोळ्यांचा मारा. गोळी आदळते आणि वायू होऊन जाते, पाणी उरतच नाही. मोटर, वायरिंगवाल्या हत्यारांना हाच बरा. पण मळ हवेत उडतो, म्हणून बंदिस्त खोली आणि हेपा (बारीक कण अडवणारा) फिल्टर हवाच. शिवाय कार्बन डायऑक्साइड साचतो, ऑक्सिजन मॉनिटरशिवाय आत जाऊ नये.

इलेक्ट्रोपॉलिशिंग सगळ्यांत कडक. फॉस्फोरिक आम्लात वीज सोडून धातूचे वरचे काही मायक्रॉनच विरघळवायचे. स्टीलचा पृष्ठभाग गुळगुळीत होतो, पुढच्या वेळी मळ कमी धरतो. पण गेज, मायक्रोमीटर यात घातलं की मापाला मुकलात. वापरलेलं आम्ल कुठं ठेवणार, ते आधी ठरवा.

मी निवडीन तर बाथ आधी, महागड्या स्टेनलेस भागांनाच आम्ल. कार्बन स्टीलचा पाना आपल्या खाऱ्या हवेत गंजतो आणि गंजाच्या छिद्रांत मळ मुरतो. मळातल्या किरणोत्सारी कोबाल्ट-६०चं अर्धआयुष्य (निम्मा होण्याचा काळ) सव्वापाच वर्षांचं, म्हणजे कपाटात दहा वर्षं ठेवलात तरी चौथाई शिल्लक. असल्या पान्याला रंगाचा पट्टा मारून किरणोत्साराच्या झोनमध्येच वापरावा.